कोकणात माड-पोफळी लावण्याआधी हवेचा हिशोब

कोकणात जमीन घेतली की माणूस आधी माड लावायचं म्हणतो, आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "इथे एवढा पाऊस पडतो, माड काय आपोआप येतील." पहिल्या पावसात रोपं तरारतात. गणपतीला आलेले पाहुणे कौतुक करून जातात. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच रोपांचे शेंडे करपतात आणि मग कुणीतरी आमच्या पडवीत येऊन बसतं, "वहिनी, नक्की कुठे चुकलं?" त्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहीत आहे. रोपं आणण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

लग्न होऊन मी गुहागर तालुक्यात आले तेव्हा माड कुठला आणि पोफळ (सुपारीचं झाड) कुठली हेही मला लांबून ओळखता येत नव्हतं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, रोज सकाळी वाडीत शिपायला जात. त्यांच्यामागे फिरता फिरता शिकले. त्यांचं एक सांगणं मी आजही प्रत्येक नवख्याला सांगते: माडाचं दुखणं आज दिसतं, पण ते आजचं नसतं.

त्यामागे सरळ कारण आहे. माडाची पोय (फुलोरा) उमलते त्याच्या दोन-अडीच वर्षांहूनही आधी तिचा अंकुर शेंड्याच्या आत धरलेला असतो. पोय उमलल्यावर नारळ तयार व्हायला आणखी साधारण १२ महिने लागतात. म्हणजे आज तुम्ही पाडलेल्या नारळाची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या महिन्यात झालेली असते. मधल्या काळात एक उन्हाळा पाण्याविना गेला, तर त्याचा फटका पुढची दोन वर्षं दिसत राहतो. यंदा भरपूर पाणी दिलं म्हणून यंदाच नारळ वाढत नाहीत.

पहिली पायरी: एक वर्ष जमीन नुसती बघा

जमीन ताब्यात आल्याबरोबर खड्डे खणायला माणसं बोलावू नका. जून ते पुढचा मे, असं एक पूर्ण वर्ष नुसतं बघा आणि लिहून ठेवा. ज्यांना घाई आहे त्यांना हे पटत नाही, पण सत्तर-ऐंशी वर्षं उभं राहणाऱ्या झाडासाठी एक वर्ष थांबणं महाग पडत नाही.

कोकणात पाच-सात किलोमीटरवर हवा बदलते. समुद्रालगतच्या खलाटीत रात्री फारशा गार होत नाहीत, हवा बारा महिने दमट, आणि दुपारी समुद्रावरून खारं वारं येतं. सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या वलाटीत पाऊस अधिक, पण थंडीत पहाटे गारठा आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी भट्टी. मधले कातळाचे सडे तर वेगळीच दुनिया: माती वीतभर, वारा मोकळा, दगड संध्याकाळपर्यंत तापलेला. दापोली किनाऱ्यापासून फार लांब नाही, पण उंचावर असल्यामुळे तिथे थंडीत पारा किनाऱ्यापेक्षा बराच खाली उतरतो. लोक तिला कोकणातलं मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही.

माडाला सरासरी २७ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. रात्रीचा पारा १५ च्या खाली वारंवार जाऊ लागला की वाढ मंदावते. कोकणात यामुळे माड मरत नाही, पण दरीच्या तळाशी, जिथे पहाटेची गार हवा साचून राहते, तिथे कोवळी जायफळं आणि लवंगा पिवळ्या पडतात. अशी जागा ओळखायची सोपी खूण म्हणजे डिसेंबर-जानेवारीत धुकं आधी कुठे धरतं आणि शेवटी कुठून जातं ते पाहणं.

आणखी तीन गोष्टी वहीत हव्यात. जुलैतल्या मोठ्या सरीनंतर पाणी कुठे आणि किती वेळ तुंबतं. मे महिन्यात दुपारी तीननंतरचं ऊन कोणत्या बाजूने आत शिरतं. आणि विहीर. आप्पा दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीच्या आत चुन्याची खूण करायचे. त्या खुणांची एक शिडीच झाली आहे आमच्याकडे, आणि वाडीत एक रोप जरी वाढवायचं असलं तरी आधी ती शिडी बघितली जाते.

दुसरी पायरी: मे महिन्यातलं पाणी मोजा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला ९० टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबरमध्ये. माडाला वर्षभर नीट वाटून १३०० ते २३०० मिलिमीटर पुरतो. पाऊस कमी नाही, पण चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने झाड त्या आठवणीवर राहतं. जांभ्याची जमीन चाळणीसारखी. दिवाळीपर्यंत पऱ्या (ओढा) वाहतो, संक्रांतीला त्यात दगड दिसतात.

म्हणून माड किती लावायचे हे जमिनीच्या क्षेत्रावरून ठरवू नका. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं. ५० माड म्हणजे रोजचं २००० ते २५०० लिटर. मे महिन्यात एकदा विहीर उपसून पाहा आणि रात्रीतून किती भरते ते मोजा. त्या आकड्यातून घरचा वापर वजा करा, उरलेल्याला ५० ने भागा, आणि जे उत्तर येईल तेवढेच माड लावा. रोपं लहान असताना पाणी कमी लागतं म्हणून आज जास्त लावाल, तर सातव्या-आठव्या वर्षी, नेमकी पोय धरायच्या वेळी, सगळेच उपाशी राहतील.

खाडीकाठच्या विहिरीबद्दल एक सावधगिरी. उन्हाळ्यात गोडं पाणी खाली गेलं आणि तुम्ही पंप चालूच ठेवलात, तर खारं पाणी आत ओढलं जातं. एकदा विहीर मचूळ झाली की पुढचा पावसाळा येईपर्यंत ती सुधारत नाही. मेमधलं पाणी तपासून घ्या, आणि चवीत फरक जाणवला की उपसा थांबवा.

पोफळीचं तर याहून नाजूक. तिची मुळं वरच्या थरात. पाणी तुंबलेलं तिला चालत नाही आणि जमीन सुकलेलीही चालत नाही. एक उन्हाळा तहानेत गेला तर सावरायला दोन वर्षं घेते. पाण्याची खात्री नसेल तर पोफळीच्या वाटेला जाऊ नका, हे मी फार मनापासून सांगते.

तिसरी पायरी: वारा आणि खार

गुहागर, मुरूड, श्रीवर्धन अशा जुन्या गावांतली आगरं एकदा लक्ष देऊन पाहा. पाखाडीला (दगडी पायवाटेला) लागून घरं, घरामागे वाडी, आणि पलीकडे समुद्र. समुद्राच्या बाजूला सुरू, उंडी, भेंडीची (भाजीची नव्हे, त्या नावाच्या वृक्षाची) झाडं, मग माड, आणि पोफळी, केळी, मसाल्याची झाडं आतल्या बाजूला. हे आपोआप झालेलं नाही. ज्याला खार सोसते तो पुढे, ज्याला सोसत नाही तो त्याच्या आडोशाला.

माडाला खार बाधत नाही, उलट त्याला क्लोरीन लागतं. समुद्रापासून लांबच्या बागांत त्यासाठी आळ्यात मीठ घालतात. पोफळीची, केळीची आणि जायफळाची पानं मात्र खाऱ्या वाऱ्याने कडेने जळतात. किनाऱ्यालगतची मोकळी जमीन घेतली असेल तर पहिल्या वर्षी उंडी-सुरूची ओळ लावा आणि दोन-तीन पावसाळ्यांनी आतली लागवड करा. उंच सिमेंटची भिंत घालून वारा अडवायला जाऊ नका. भिंतीवर आपटलेला वारा पलीकडे भोवरे घेत उतरतो आणि रोपं पिळवटून टाकतो. झाडांची ओळ वाऱ्याला चाळून आत सोडते. गडगा (दगडांचा बांध) हवाच असेल तर कमरेइतका घाला आणि त्याच्या आत झाडं लावा.

कोकणातल्या वाऱ्याचं दिवसाचं चक्र समजून घ्या. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा वारा इतका जोर धरतो की खारं वारं यायला दुपार टळते. त्या दिवशी पारा एकदम चढतो आणि हवेतला दमटपणा गायब होतो. पोफळीची कोवळी फळं आणि माडाची सुपारीएवढी बोंडं पुढच्या आठवड्यात टपाटप गळतात, आणि लोक रोग समजून फवारणी करतात. आधी वही उघडा: मागच्या दहा दिवसांत असा कोरडा, तापलेला दिवस होता का? असेल तर तिथे औषधाचं काम नाही. आळं ओलं ठेवा, आच्छादन वाढवा.

चौथी पायरी: पश्चिमेचं ऊन

ही चूक माझी स्वतःची आहे. वाडीच्या पश्चिम कडेला एक जुना फणस होता. छपरावर फांद्या येतात म्हणून मी तो छाटून घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेत पोफळीची एक ओळ लावली. सातेक वर्षांनी त्या ओळीतल्या पोफळींच्या खोडांवर नैऋत्य बाजूला पिवळे डाग आले, मग ते तपकिरी झाले, मग उभ्या भेगा पडल्या. एका पावसाळी वाऱ्यात त्यातल्या बऱ्याच नेमक्या भेगेशी मोडल्या. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या जागेवर फणसाची आठळी पुरली.

माड-पोफळ यांची खोडं आंब्या-फणसासारखी नसतात. त्यांना साल धरून जाड होत जाणारा थर नसतो, त्यामुळे खोडावरची जखम कधीच भरून येत नाही. भाजलेला भाग मरेपर्यंत तसाच राहतो. म्हणून पोफळीच्या ओळी आखताना उत्तर-दक्षिण रेषा पश्चिमेकडे ३५ अंश कलती धरतात. त्यामुळे दुपारच्या उन्हात एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर पडते. दोन पोफळींत ९ फूट अंतर ठेवा. नैऋत्य कडेला उंच वाढणारं सावलीचं झाड असू द्या. पहिली तीन-चार वर्षं रोपांच्या पश्चिमेला केळ लावा, आणि कडेच्या मोठ्या पोफळींच्या खोडांना उन्हाळ्यात माडाचे झाप (झावळ्या) बांधा किंवा चुना फासा.

याच कारणासाठी माडावर चढायला खोडात खाचा पाडू देऊ नका. सोंड्या भुंगा अशाच जखमांतून आत शिरतो. हिरवा झाप तोडावाच लागला तर खोडाशी सपाट न कापता तीन-चार फूट देठ राखून कापा.

पाचवी पायरी: रोप, खड्डा आणि मुहूर्त

जात निवडताना हवा आणि पाणी बघा. बाणावली उंच वाढते, सहा ते आठ वर्षांनी धरते, पण वारा, पाण्याची ओढ आणि आपलं दुर्लक्ष सगळ्यात जास्त तीच सोसते. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रातून निघालेली प्रताप ही बाणावलीतूनच निवडलेली जात आहे. ठेंगू जाती तीन-चार वर्षांत शहाळी देतात आणि संकरित जातीही लवकर धरतात, पण त्यांना उन्हाळ्यात पाण्याची खात्री लागते. सुट्टीपुरतं गावी येणाऱ्यांनी बाणावलीच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे. पोफळीत श्रीवर्धनी आपल्या हवेत रुळलेली. रोपं भाट्ये केंद्रातून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून आधी मागणी नोंदवून घ्या. माडाचं रोप ९ ते १२ महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याशी जाड असलेलं निवडा. उंच पण काटकुळं रोप म्हणजे सावलीत दाटीने वाढलेलं.

दोन माडांत २५ फूट अंतर. जुन्या वाड्यांत माड याहून दाट दिसतात, ते बघून मोह होतो. दाटीत झाडं उजेडासाठी उंच आणि बारीक होतात, पावसाळ्यात हवा खेळत नाही आणि कोंब कुजण्याचा रोग फैलावतो.

खड्डा १ मीटर लांब, रुंद, खोल. एप्रिलमध्ये खणून तापू द्या. तळाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पोकळ बाजू वर करून दोन थरांत मांडा. ती पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडतात. पुळणीच्या (वाळूच्या) आणि जांभ्याच्या जमिनीत या एका गोष्टीने रोप जगतं की मरतं ते ठरतं. वर चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत, आणि वाळवीचा बंदोबस्त.

लागवड कधी? उताराच्या, निचऱ्याच्या जमिनीत जूनच्या पहिल्या सरींनंतर. पाणी तुंबणाऱ्या सखल जमिनीत मुळीच नाही. तिथे आधी चर काढा आणि जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात लावा. मुहूर्त कॅलेंडरवरून काढायचा नाही. मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच पोचला आणि आमच्याकडे उघडे खड्डे पाण्याने तुडुंब भरले. तेव्हापासून मी खड्डे मेच्या पहिल्या आठवड्यातच भरून घेते आणि मधे काठी रोवून ठेवते.

रोप लावताना नारळ मातीआड जाईल एवढंच पुरा, कोंब गाडू नका. पावसात मातीचा गाळ कोंबाभोवती साचतो, तो दर आठवड्याला हाताने काढा. वाऱ्याने हलू नये म्हणून दोन काठ्यांचा आधार द्या. हे काम क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या पावसाळ्यात गेलेल्या रोपांपैकी कितीतरी गाळाने गेलेली मी पाहिली आहेत.

सहावी पायरी: पावसाच्या दोन टोकांची दोन कामं

माडाला शेंडा एकच. तो कुजला की झाड संपलं. बाजूने फूट येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार, ढगाळ आणि पाण्याने भरलेली असते तेव्हा कोंब कुजण्याचा रोग येतो. मधलं कोवळं पान पिवळं पडतं, ओढलं की सहज हातात येतं आणि घाण वास मारतो. पान हातात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून मेअखेर पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) वर चढवून शेंडा साफ करून घ्या आणि १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. पोफळीवर कोळे रोग येतो. त्यात कोवळी फळं काळी पडून गळतात. त्यासाठी घडांवर पावसाआधी एक आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून दुसरी फवारणी. बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवा, मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं नको. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी वाढवा. केलं त्याच दिवशी वापरा.

दुसरं काम आच्छादनाचं, पण ते पाऊस संपताना. सप्टेंबरअखेर जमीन ओली आहे तोवरच बुंध्यापासून दीड-दोन मीटरपर्यंत झावळ्या, सोडणं, पालापाचोळा पसरा. ऑक्टोबरचं ऊन सुरू झाल्यावर आच्छादन घालणं म्हणजे भांडं रिकामं झाल्यावर झाकण लावणं. कोवळ्या रोपांना पहिले दोन उन्हाळे पश्चिमेने झापांची सावली लागते.

कोरड्या दिवसांत पांढरी माशी आणि कोळी ही कीड वाढते, जोराच्या पावसाने कमी होते. २०१६ पासून भारतात आलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीमुळे झापांवर काळी बुरशी दिसते आणि माणूस घाबरतो. जहाल औषध मारू नका. तिला खाणारे मित्रकीटकही त्यात मरतात. पंपाने पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला तरी पुष्कळ उतरते.

वादळ

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला घासून वर गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस आहेत, हे धरूनच वाडीचं नियोजन करा. पोफळ मधेच मोडते. माड बहुधा मोडण्याऐवजी मुळासकट उलटतो, तोही जिथे जमीन पाण्याने फुगलेली आणि मुळं वरवर असतात तिथे. म्हणजे निचऱ्याचा चर हा वादळाचाही बंदोबस्त आहे.

हवामान खात्याचा इशारा आला की तयार नारळ आणि वाळके झाप उतरवून घ्या, म्हणजे शेंड्यावरचं ओझं कमी होतं. हिरवे झाप छाटू नका. ठिबकचे पाइप गुंडाळून ठेवा. वादळात वाडीत पाऊलही टाकू नका.

वादळानंतर लोक रडत बसतात, आणि ते साहजिक आहे. चाळीस वर्षांची झाडं तासाभरात जातात. पण पहिला आठवडा फार मोलाचा असतो. कललेली लहान झाडं मुळं सुकायच्या आत हळूहळू सरळ करा, माती भरा, टेकू द्या. मोठा माड कललेला असला आणि शेंडा जिवंत असला तर त्याला तसाच राहू द्या, तो पुढे वळून वर येतो. पडलेली खोडं मात्र वाडीत कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा नेमका त्यांतच अंडी घालतो आणि वादळातून वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. शेणखताचा खड्डाही त्याच कारणाने दर दोन-तीन महिन्यांनी उलथवून अळ्या वेचा.

विजेचंही सांगते. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट झाला की माडाखाली उभं राहू नका. मोबाइलवर दामिनी हे ॲप ठेवा. शेतीच्या हवामानासाठी मेघदूत आहे, आणि दापोलीच्या विद्यापीठाकडून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कोकणासाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. फवारणीचा दिवस मी त्यावरून ठरवते.

माडाखाली काय लावाल

मला वाडीतला सगळ्यात आवडता भाग हाच. माडाच्या सावलीत हवा तीन-चार अंशांनी तरी निवलेली वाटते, आणि जी झाडं उघड्यावर करपली असती ती तिथे सुखाने वाढतात. दापोलीच्या विद्यापीठाने हीच पद्धत लाखी बाग या नावाने रुजवली: माडांत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळ, अननस. पण सावली वयानुसार बदलते. पहिली सात-आठ वर्षं माडाखाली ऊन भरपूर, तिथे केळ, अननस, भाजी घ्या. आठव्या वर्षापासून विशीपर्यंत झाप खाली आणि दाट असतात, उजेड फार कमी मिळतो. पुढे खोड उंच गेलं की पुन्हा कवडसे पडू लागतात आणि जायफळाला हवी तशी अर्धी सावली तयार होते. जायफळ चार माडांच्या बरोबर मध्यावर लावा, आणि कलमच लावा. बियांच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद या इथल्याच जाती.

मिरीला पावसाच्या पहिल्या सरींनी फुलोरा येतो, आणि पाणी तुंबलं तर तीच मिरी आठवड्यात मर लागून जाते. ती पोफळीवर चढवा; माडावर चढवली तर पाडेलीला अडचण होते.

पाण्याची सोय नसलेल्या कोपऱ्यात कोकम लावा. कोकण अमृता किंवा कोकण हातिस. एकदा रुजलं की ते पाणी मागत नाही. मॅंगोस्टीन त्याचाच भाऊबंद, पण त्याच्या लाडाला वर्षभर ओल आणि सावली पुरवावी लागते. पहिल्या पाच वर्षांत त्याच्या नादी लागू नका.

शोभेच्या पामांविषयी थोडक्यात. बॉटल पाम खाऱ्या वाऱ्यातही तग धरतो. अरेका पामची पानं किनाऱ्यावर उघड्यावर जळतात, त्याला घराच्या पूर्वेला ठेवा. खजूर वाढेल, पण फळ पिकायच्या वेळी आपला पाऊस येतो आणि सगळं कुजतं. भेरली माड मात्र जरूर लावा, तो इथल्या रानातलाच आहे. तो वरून खाली फुलत येतो आणि शेवटच्या फुलोऱ्यानंतर मरतो. तो रोग नसतो, त्याचं आयुष्यच तसं असतं.

वही आणि माड एकत्र वाचा

धरता झालेला माड महिन्याला साधारण एक झाप काढतो, आणि प्रत्येक झापाच्या बेचक्यात एक पोय येते. पाडेली वर असताना त्याला सांगा, वरून खाली मोजत ये आणि कोणत्या झापाच्या बेचक्यात घड नाही किंवा दोन-चारच नारळ आहेत ते सांग. खाली तुम्ही वही घेऊन बसा. एक झाप म्हणजे एक महिना धरून मागे जा, मग त्या घडाच्या आधीची दोन वर्षंही चाळा. पंप बिघडून तीन आठवडे पाणी बंद होतं तो मार्च, चर बुजून वाडी तुंबली तो जुलै, वादळाने झाप पिळवटले तो मे. असं एक एक पान सापडत जातं. आमच्या वहीत आप्पांच्या अक्षरातली पानं आहेत, आणि विहिरीतल्या चुन्याच्या खुणांच्या तारखाही त्यातच आहेत. तुमची पहिली खूण येत्या मेच्या शेवटच्या आठवड्यात करा आणि शेजारी तारीख लिहा.